नवमीचा बूट

पाटावर जिथं दरवर्षी बूट असायचे, तिथं पद्माच्या नवऱ्यानं, कृष्णातनं, लोखंडी आकडा आणून ठेवला आणि "यंदा हा घे" एवढंच म्हणून तो न्हाणीत गेला. पद्मा विळीला हळद लावत होती. तिचं बोट विळीच्या पात्यावर तसंच राहिलं. आकडा गोदामातला होता, कापसाच्या गाठी ओढायचा. मुठीचं लाकूड घासून घासून गुळगुळीत झालेलं, आणि टोकाला कापसाचा एक धागा अजून लोंबत होता. तो धागा काढावा म्हणून तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची, ज्याच्यावर घर चालतं ते हत्यार, यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं. विळी होती, कात्री होती, शिलाईच्या मशिनला झेंडूची माळ घातली होती, नारळ सोलायचा कोयता होता. आकडा हेही हत्यारच. तरी कुंकवाचं बोट तिनं आकड्याला लावलं नाही. तिनं मान वळवून दारामागं पाहिलं. खुंटी मोकळी होती. सासऱ्यांची पलटणीतली खाकी पिशवी, जिच्यात नऊ वर्षं त्याचे बूट राहत आले, ती तिथं नव्हती. आज नव्हती असं नाही, रविवारपासूनच नव्हती. रविवारी दिवेलागणीला तो सांगलीहून एस.टी.नं आला तो हात हलवत आला होता, आणि ती घटापुढच्या समईत तेल घालत होती म्हणून तिनं पाहिलंच नव्हतं. देवापुढचा दिवा जपताना घरातलं काय विझलं ते आपल्याला कळलं नाही, असं तिला वाटलं, आणि असं वाटणं बरं नव्हे म्हणून तिनं मनातल्या मनात देवीला हात जोडले.

न्हाणीतून पाण्याचा आवाज आला. पहिला तांब्या डाव्या पायावर. आवाजावरून ते तिला कळायचं, कारण डाव्या पायावर तो पाणी थेट ओतत नसे, गुडघ्यावरून सावकाश सोडायचा, तापलेल्या जनावराला थंड करावं तसं. साताऱ्याच्या या दोन खोल्यांत येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. त्याआधी सांगली. सांगलीतलं घर सूतगिरणीच्या चाळीत होतं, आणि लग्नानंतरची पहिली खंडेनवमी तिथलीच. तेव्हा सासूबाई, साळूबाई, पाटण तालुक्यातल्या त्यांच्या गावाहून मुद्दाम सून पूजा कशी मांडते ते बघायला आल्या होत्या. पद्मा वाईची. वडिलांचं पूजेच्या साहित्याचं दुकान, त्यामुळं कुठल्या देवाला कुठलं फूल आणि कुठल्या धातूला कुठलं पाणी हे तिला पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी माहीत. लोखंडाला कढत पाणी घालायचं, कोरडं पुसून चुलीशी ठेवायचं, मग तेलाचं बोट. तिनं सगळं तसं केलं. साळूबाईंनी पाटाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "समदं हाय. पर तुझ्या नवऱ्याचं हत्यार कुठं हाय?" पद्माला कळेना. साळूबाई उठल्या, दारामागची खाकी पिशवी काढली आणि तिच्यातले बूट, चिखलाची खपली धरलेले, खिळ्यांच्या तळव्यांचे, तिच्या नुकत्याच सारवल्यासारख्या स्वच्छ पाटावर ठेवले. पद्माच्या अंगावर काटा आला. पायातलं चामडं, देवापुढं! तिच्या माहेरी चप्पल दाराच्या आत येत नसे. "आवं आत्या," ती कशीबशी म्हणाली, "बूट?" "व्हय. गिरणीत त्येला नोकरी कशानं लागली? शाळेनं न्हवं. ह्या बुटानं लागली. नांगर ठेवतो का न्हाई आमी? त्यो बी श्यानामातीतच चालतो की." आणि मग जरा मऊ होऊन, "डावा म्होरं ठेव. त्येचा समदा जीव डाव्यात हाय."

डावा. पद्माला हा शब्दच जड जायचा. उंबरा उजव्या पायानं ओलांडायचा, प्रसाद उजव्या हातात घ्यायचा, डोळा लवला तरी कुठला ते बघायचं, आणि हिच्या घरचं अन्न एका डाव्या पायावर शिजत होतं. कृष्णात सूतगिरणीच्या फुटबॉल संघात लेफ्ट आउट होता, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेनं पळणारा. सकाळी सातला गिरणीच्या भांडारखात्यात हजेरी, दुपारी तीनला सुट्टी ती मैदानावर जाण्यासाठी, आणि खेळायचा तेव्हा वर थोडा भत्ता. पुरता नोकर नाही आणि पुरता खेळाडूही नाही. चाळीतल्या बायका म्हणायच्या, "बरं आहे बाई तुमचं, मालक खेळतात आणि पगार घेतात." पद्मा हसायची. तिला तेव्हा ठाऊक नव्हतं, की असं अर्धंअर्धं जगणारा माणूस दोन्हीकडं पुरता राबतो.

पळण्याचं मूळ साळूबाईंनीच सांगितलं होतं, त्याच नवमीच्या दुपारी, तांदूळ निवडत. सासरे हवालदार, त्यांनी रजेवर येताना पलटणीतला एक जुना फुटबॉल आणलेला. गाव कोयनेच्या खोऱ्यात, डोंगराच्या उताराला. सपाट जागा म्हणजे भाताचं एक लांबडं खाचर, कापणी झाल्यावर मोकळं. त्याच्या उजव्या अंगाला डोंगर आणि डाव्या अंगाला बांध. बांधाखाली खोल ओढा. "चेंडू वड्यात गेला की अर्धा दिस जायचा आणायला. समदी प्वारं डोंगराच्या अंगानं खेळायची. ह्यो एकटा बांधावरनं. एक पाय बांधावर, एक खाचरात. आन चेंडू कवा खाली जाऊ दिला न्हाई हो ह्येनं." पद्माला ते चित्र पुढं कितीतरी दिवस दिसायचं. पोळी लाटताना, जप करताना, संकष्टीला चंद्राची वाट बघताना. बांधावरून पळणारं एक पोर, आणि त्याच्या डाव्या हाताला नुसती पोकळी. ज्याला जगाच्या कडेवरूनच पळायची सवय झाली, त्याला मधल्या गर्दीची काय पर्वा.

तिनं त्याला खेळताना पहिल्यांदा पाहिलं ते त्याच हिवाळ्यात. बायकांसाठी वेगळी जागा नव्हतीच. मैदानाच्या कडेच्या देवळाच्या ओट्यावर ती दोन शेजारणींबरोबर डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. खेळ तिला कळला नाही. बावीस माणसं एका वस्तूसाठी धावतात आणि मिळाली की लाथ मारून घालवतात, यात काय ते. पण तिला एक गोष्ट दिसली, आणि ती दुसऱ्या कुणाला दिसली असेल असं तिला अजूनही वाटत नाही. मैदानाभोवती फक्कीची पांढरी रेघ ओढलेली होती. खेळ सुरू झाल्यावर घटकाभरात ती सगळीकडं तुडवली गेली, पुसली गेली, नुसती पांढरी धूळ राहिली. डावीकडची मात्र, जिच्यावरून कृष्णात अख्खा वेळ वरखाली पळत होता, ती जशीच्या तशी होती. तो रेघेला खेटून पळायचा, वाऱ्यासारखा पळायचा, समोरचा माणूस अंगावर आला की खांदा असा काही खाली सोडायचा, की तो माणूस भलतीकडं जायचा आणि हा रेघेच्या अंगानं निघून जायचा. पण पाय रेघेवर नाही. एकदाही नाही. पद्मा रोज पहाटे दारात रांगोळी घालणारी. काढलेल्या रेघेला धक्का न लावता तिच्या शेजारून हात फिरवणं म्हणजे काय ते तिला ठाऊक. त्या ओट्यावर उभ्या उभ्या तिला आपला नवरा कळला. लग्नाला आठ महिने झाले होते. हा माणूस आपल्यासारखाच आहे, रेघ सांभाळणारा, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले. शेजारीण म्हणाली, "अगं, गोल झाला म्हणून रडतेस?" गोल झाला होता हे तिला तेव्हा कळलं.

मग ती जमेल तेव्हा जायला लागली. मिरजेला, कधी कोल्हापूरला, एकदा तर ट्रकमध्ये बसून थेट जतला. जतचं मैदान म्हणजे तापलेला मुरूम. पडला की कातडं सोलून निघे. तिथं मध्येच पाण्याचा टँकर आला आणि बघणारं सगळं गाव घागरी कळशा घेऊन टँकरकडं पळालं. दोन्ही संघ मोकळ्या मैदानावर एकमेकांकडं बघत उभे. मग कृष्णात हसत हसत गेला आणि एका म्हाताऱ्या धनगर बाईची भरलेली घागर खांद्यावर घेऊन तिच्या झोपडीपर्यंत पोचवून आला. पंच शिट्टी फुंकून दमला. म्हातारी कानडीत काहीतरी बोलली, ते कुणाला कळलं नाही. उरलेल्या खेळात मात्र ती एकटी त्याच्या बाजूच्या रेघेशी बसून राहिली आणि त्याच्याजवळ चेंडू आला की काठी आपटायची. घरी आल्यावर पद्मानं त्याच्या सोललेल्या मांडीला हळद-तूप लावलं, तर तो म्हणाला, "लय भारी झाला आज खेळ." सूतगिरणी त्या दिवशी हरली होती.

न्हाणीत पाणी थांबलं. पद्मानं आकड्यावरचा धागा अलगद काढून घेतला आणि बोटाभोवती गुंडाळला. पंचामृताची वाटी तिच्या गुडघ्याशी होती. दही, दूध, तूप, मध, साखर. तिनं वाटी जरा लांब सरकवली. सहा वर्षं ती पंचामृत करत होती आणि सहा वर्षं तिनं ते तोंडात घातलं नव्हतं. सगळ्यांच्या हातावर द्यायची, आणि आपल्या वाटणीचं तुळशीत सोडायची. ताक नाही, कढी नाही, दहीभात नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "सोडलंय मी दही." व्रतवैकल्यं करणाऱ्या बाईनं काही सोडलं तर का सोडलं असं कुणी विचारत नाही. त्या आडोशाला ती सहा वर्षं बसून होती.

ब्याण्णव सालचा दसरा. सांगलीत दसऱ्याच्या दिवशी मोठ्या स्पर्धेचा शेवटचा सामना, गिरणी विरुद्ध मिरजेचा संघ. महिनाभर आधी संघाचे मॅनेजर हरिबा घरी आले, चहाचा कप हातात धरून बसले आणि चहा प्यायचं विसरले. "वहिनी, मुंबईच्या मोठ्या कंपनीचा मानूस येतोय. त्यास्नी लेफ्ट आउट पायजे. डाव्या पायाचा. नाव ह्येचंच घेतलंय. गेला तर नुसतं खेळायचं, दुसरं काम न्हाई. क्वार्टर, रेल्वेचा पास, समदं." कृष्णात कोपऱ्यात बसून आपल्या अंगठ्याचं नख बघत होता, जसं काही दुसऱ्याच कुणाचं बोलणं चाललंय. पद्मानं त्या क्षणी त्याच्या मानेकडं पाहिलं. मानेवरची शीर उडत होती. एवढी इच्छा तिनं त्याच्यात कधी पाहिली नव्हती. संघानं त्याला नवे बूट घेऊन दिले, पहिल्यांदाच नवे. काळे, चकचकीत, वासाचे. त्यानं ते पंधरा दिवस रोज थोडे थोडे घालून पायाला बसवून घेतले, लोण्यासारखे मऊ केले.

आणि मग नवमी आली. पद्माला वाटलं, एवढं मोठं दान देवीकडं मागायचं तर हळदीकुंकवाच्या दोन बोटांवर कसं भागेल? आता तिला त्या बुटांची किळस येत नव्हती. ती कधीच गेली होती. उलट तिला ते टाक असावेत तसे वाटायचे, कुलदैवताचे. तिनं बूट ताम्हणात घेतले आणि त्यांना पंचामृतानं अभिषेक केला. आधी डावा, मग उजवा. श्रीसूक्त म्हणत. मग वडिलांनी शिकवलेलं, हत्याराला कढत पाणी. दोन तांबे कढत पाणी तिनं बुटांवरून सोडलं, कोरडे पुसले आणि चुलीशी, ऊब लागेल असे, ठेवले. दुपारी पाटावर मांडले, झेंडू वाहिला. कृष्णात संध्याकाळी सरावाला निघाला तेव्हा तिनं दारात आडवा हात धरला. "आज हत्याराला हात लावायचा नाही. आज त्यांनी विसावायचं." तो थबकला. उद्या एवढा मोठा सामना आणि आज बूट पायात नाहीत. त्यानं पाटाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि "बरं" म्हणाला. अनवाणीच मैदानावर जाऊन चार फेऱ्या मारून आला. तिच्या शब्दाला तो असा होता.

दसऱ्याला ओट्यावर उभं राहून तिनं जे पाहिलं ते तिनं पुढं हजार वेळा पाहिलं. पहिल्या पावलापासून तिला कळलं की काहीतरी बिघडलंय. तो लाकडी खडावा घातल्यासारखा पळत होता. खांदा खाली जात होता, पण पाय मागून येत होता. मध्यंतराच्या आधी तो डाव्या पायानं चेंडू उचलायला गेला आणि बुटाचा तळवा पुढून उघडला. लांबून दिसलं, बुटानं आ वासलाय. तो रेघेबाहेर बसला, हरिबा सुतळी घेऊन धावले, दोघांनी मिळून बूट पायाला बांधला, मोटेला दोर बांधावा तसा. पुन्हा उठला. पुन्हा सुटला. पुन्हा बांधला. चामडं म्हणजे लोखंड नव्हे. पंचामृतानं ते भिजून फुगलं होतं आणि चुलीनं वाळून त्याचा पापड झाला होता. शिवण त्यात कशी टिकणार? हे सगळं तिला त्या ओट्यावर एका श्वासात कळलं, आणि तिच्या हातातली जपमाळ कुठल्या मण्यावर होती ते तिला पुन्हा सापडलं नाही.

पण खेळ तो सोडत नव्हता. शेवटची काही मिनिटं उरली असतील. तो सुतळीच्या बुटानिशी रेघेच्या अंगानं निघाला. मिरजेचा मागं राहून अडवणारा बॅक, केरबा नावाचा आडदांड गडी, अंगावर आला. सगळ्यांना ठाऊक, हा आता डाव्यानं मारणार. केरबालाही ठाऊक. कृष्णातनं डावा उचलला, हवेतच ठेवला, आणि ज्या उजव्या पायानं त्यानं जन्मात कधी चेंडू वळवला नव्हता त्यानं तो वळवला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून गेला आणि पलीकडच्या कडेच्या गिरणीच्या गड्यानं डोकं लावून गोल केला. सांगली पेटली. माणसं मैदानात घुसली, कृष्णातला खांद्यावर घेतलं, आणि त्याच्या डाव्या पायात तो फाटका बूट सुतळीला लोंबत होता, पूजेतला झेंडू लोंबावा तसा. मुंबईच्या माणसानं हरिबांना जाताना सांगितलं, गडी चांगला आहे, पण डाव्याची ताकद दिसली नाही, आणि उजव्या पायाचे आमच्याकडं पुष्कळ आहेत.

बूट का फाटला हे लोकांनी त्याला वर्षभर विचारलं. तो एकच सांगायचा, "दोरा कुजका निघाला." दुकानदाराला शिव्या बसल्या. हरिबा तर भांडायला निघाले होते, कृष्णातनंच त्यांना अडवलं. पद्मा आत बसून ऐकायची. किती वेळा तिनं ठरवलं, आज सांगायचं. एकादशीला सांगेन, पौर्णिमेला सांगेन. अंकिताचा जन्म झाला, बारसं झालं, ती शाळेत जायला लागली. सांगायची वेळ प्रत्येक वेळी उंबऱ्यापर्यंत यायची आणि परत जायची. दरवर्षी खंडेनवमीला तो खाकी पिशवी तिच्या हातात द्यायचा, काही न बोलता, आणि ती बूट कोरड्या फडक्यानं पुसून, पाण्याचा थेंब न लावता, पाटावर ठेवायची. तो खेळत राहिला. गिरणीनं त्याला साताऱ्याच्या गोदामावर पाठवलं तरी दर रविवारी सांगलीला जाऊन खेळत राहिला. तो खेळतोय तोवर काही संपलेलं नाही, सांगायला अजून वेळ आहे, असं ती स्वतःला समजावत आली होती. आणि आज पाटावर आकडा होता. आता सांगायचं ते आज, नाहीतर मग ते आपल्याबरोबर सरणावरच जायचं.

न्हाणीचं दार वाजलं. कृष्णात पंचा गुंडाळून बाहेर आला, केसांतून पाणी निथळत होतं. बत्तीस वर्षांचा झाला होता. पाटाकडं नजर टाकून म्हणाला, "का गं? आकड्याला अजून कुंकू न्हाई?"

"बूट कुठं आहेत?"

"सांगलीला. संघाच्या खोलीत खुंटीला लावून आलो, पिशवीसकट." तो भिंतीला टेकला. "रविवारी रेघ पुसली गं माझ्या पायानं. दोनदा. कुनाला दिसलं न्हाई. मला दिसलं. तवाच म्हनलं, झालं."

रेघेचं पद्मानं त्याला कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं. तिला वाटायचं ते गुपित आपल्या एकटीचं आहे.

"इकडं या," ती म्हणाली. "पाटापाशी उभे राहा. डावा पाय ताम्हणात ठेवा."

"आगं, काय चाललंय? लेकरू बघंल."

"अंकिता शेजारी गेलीय. ठेवा म्हणते ना."

त्यानं ठेवला. घोट्याशी जुन्या जखमांचे पांढरे डाग, अंगठ्याचं नख काळं पडून वाकडं वाढलेलं, पोटरीची गाठ खडकासारखी. पद्मानं कढत पाणी घेतलं नाही. साधं पाणी घातलं, सावकाश, गुडघ्यावरून, तो घालायचा तसं. हळद लावली, कुंकू लावलं. खाली बघूनच, पाटाशी बोलावं तशी, ती बोलली. "ब्याण्णवच्या नवमीला तुमचे बूट मी पंचामृतानं न्हाऊ घातले होते. कढत पाण्यानं धुतले होते. चुलीशी वाळवले होते. दोरा कुजका नव्हता."

वरून तिला हसू ऐकू आलं, पोटातून आलेलं, बारीक.

"ठावं हाय."

तिनं मान वर केली.

"आगं, धा मिंटं बी झाली नसतील, घाम सुटला आन बुटातनं दह्याचा वास सुटला. त्यो केरबा माझ्या अंगाला अंग लावून हुबा. म्हनतो कसा, 'आरं गड्या, बूट घातलाईस का दह्याचं मडकं?' मी म्हनलं, 'घरचं हाय. तुला न्हाई मिळायचं.' समदा खेळभर त्यो नाकाला हात लावून पळला."

"आणि तुम्ही सहा वर्षं..."

"काय बोलायचं? तू वंगाळ काय केलं व्हतंस? देवाला घालतीस ती आंघोळ घातलीस. चामड्याला सोसली न्हाई." ताम्हणातल्या पायाकडं त्यानं जरा वेळ पाहिलं, आणि हसू मावळलं. "मुंबईचं मनात येतं कवा कवा. न्हाई असं न्हाई. यष्टीत बसलं की येतं. पन मग घरी यावं तर तू दही तुळशीत वतत असायचीस. म्हनलं, हिनं माझ्यापरीस जास्ती भोगलं."

तिनं ज्याला आडोसा समजलं, त्याच्या पलीकडून हा माणूस सहा वर्षं सगळं बघत होता, आणि तिला दिसू नये म्हणून जपून पावलं टाकत होता. रेघेशेजारून, रेघेला धक्का न लावता. ज्या माणसानं तिला बोल लागू दिला नाही, जगाला कळू दिलं नाही, नवमीला बूट द्यायचं चुकवलं नाही, त्याला ती खेळाडू म्हणून ओळखत होती. तो ओट्यावरून दिसला तेवढाच तिनं आजवर पाहिला होता.

"उजव्याला बी लाव की," तो म्हणाला. "त्या दिशी त्यानंच लाज राखली. रुसंल त्यो."

तिनं उजव्यालाही लावलं. मग आकड्याला. कुंकू पाटावर सांडलं. कृष्णात वाकला, पंचामृताची वाटी उचलली आणि पळी भरून म्हणाला, "हात कर."

"माझं सोडलेलं आहे."

"ज्याच्यासाटी सोडलंस त्योच देतोय. देवीचं हाय, न्हाई म्हनू नगंस."

तिनं हात पुढं केला. दही जिभेला लागलं तेव्हा ते एवढं आंबट असतं हे ती विसरली होती असं तिच्या लक्षात आलं. मधाची चव मागून आली. तिनं डोळे मिटून घेतले, आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"आता झाली का पंचाईत," कृष्णात सदरा घालता घालता बोलत होता. "पूजलेलं हत्यार आज वापरायचं न्हाई, तुझाच नेम. म्हंजी उद्याच्या झेंडूला तूच जायला पायजेस. माझं दोनी पाय इसाव्याला."

"जा आता, गुपचूप," ती म्हणाली. आपला आवाज हसतोय हे तिला परक्यासारखं ऐकू आलं.

तो बाजाराची पिशवी घेऊन निघाला. चपलेच्या पट्ट्यातून डाव्या पायाची ओली हळद दिसत होती. पद्मा दारात येऊन उभी राहिली. नवमीची सकाळ, बोळ अरुंद, आणि दोन्ही बाजूंच्या दारांतून बायकांनी आज हात सैल सोडून रांगोळ्या घातलेल्या. कमळं, गोपद्मं, वेली, अर्ध्या रस्त्यापर्यंत आलेल्या. येणारेजाणारे मधून चालत होते आणि पानाफुलांवर त्यांचे पाय उमटत होते. कृष्णात डावीकडच्या गटाराच्या कडेला सरकला. हातभर जागा होती, कुठं कुठं तेवढीही नाही. समोरून सायकल आली तेव्हा त्याचा खांदा जरासा खाली गेला आणि सायकलवाला आपोआप दुसऱ्या अंगाला वळला. तो तसाच पुढं गेला, सावकाश, गुडघा किंचित आखडत, बोळाच्या टोकापर्यंत. पद्मा एकेका दाराशी नजर नेऊन मोजत होती. एकाही रांगोळीला त्याचा पाय लागला नव्हता.